उरलेल्या एम्ब्रियोंचं काय करायचं?

“मॅडम, उरलेले एम्ब्रियो टाकून दिले तर पाप लागेल का ओ?”

मी समुपदेशक आहे. आयव्हीएफ करून, म्हणजे बीजांड शरीराबाहेर फलित करून, मूल झालेली जोडपी कधी ना कधी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. एम्ब्रियो म्हणजे असं फलित होऊन वाढू लागलेलं बीजांड. बहुतेक वेळा मूल चालायला-बोलायला लागल्यावर, क्लिनिककडून साठवणुकीच्या फीची आठवण आली की. या खेपेला विचारणारा नवरा खानापूर तालुक्यातला. ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.

घर माळकरी. कोंबडीसुद्धा कापायची नाही, हा तिथला रिवाज. मूल होत नव्हतं म्हणून बेळगावात उपचार घेतले, मुलगी झाली. तीन एम्ब्रियो उरले. ते द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवलेले. बायकोचं बीपी बाळंतपणात इतकं चढलं होतं की मुलगी दिवस भरण्याआधीच सिझेरियनने काढावी लागली. तिला पुन्हा गरोदर राहायचं नव्हतं. नवरा दरवर्षी गुपचूप फी भरत होता. आणि सासूबाईंचं वेगळंच: “तिघांत पोरगा कुठला ते बघता येतंय म्हणे.”

सासूबाईंचा मुद्दा मी लगेच मिटवला. गर्भलिंग निवडीविरुद्धचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून तो गर्भधारणेआधीच्या निवडीलाही लागू आहे. हा गुन्हा आहे, त्यावर चर्चा नाही.

नवऱ्याचा प्रश्न मात्र असा झटकून टाकण्यासारखा नव्हता. मी नेहमीची माहिती दिली. पाचव्या दिवसाचा एम्ब्रियो म्हणजे शंभरएक पेशींचा गोळा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा मोठा. त्याला ना हृदय, ना मज्जातंतू. गर्भाशयात ठेवलेला प्रत्येक एम्ब्रियो रुजतोच असं नाही. शिवाय प्रयोगशाळेत ठेवलेला एम्ब्रियो म्हणजे गर्भारपण नव्हे, त्यामुळे कायद्याने हा गर्भपात ठरत नाही.

तो शांतपणे म्हणाला, “आमची पोरगी पण अशीच होती की.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असायला हवं असंही मला वाटत नाही. पेशी मोजून कुणाची श्रद्धा बदलत नसते. समुपदेशकाने पापपुण्याचा निवाडा करू नये, या मताची मी आहे. मग उत्तर दिलं ते बायकोने. “पहिल्या वेळी दोन ठेवले, ते गेले. मी रडत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, पांडुरंगाची इच्छा. आता तेच पाप कसं झालं?”

“तेव्हा आपण मुद्दाम केलं नव्हतं.”

खरी गाठ इथे होती. आपोआप गेलं तर सोसता येतं, आपल्या सहीने जाऊ नये. फी भरत राहिलं की सही पुढे ढकलली जात होती, एवढंच.

मग मी त्यांना २०२१ च्या एआरटी कायद्यातली, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या कायद्यातली, तरतूद सांगितली. एम्ब्रियो जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. तो बराच वेळ गप्प बसला. “म्हणजे फी भरून मी त्यांना वाचवत नाही तर.”

“आणि तोवर मी भीत बसायचं,” ती म्हणाली. “उद्या आत्याबाई म्हणतील, पैसे भरलेत ना, मग जा की.” आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

तिला मी एकच सांगितलं: एम्ब्रियो गर्भाशयात ठेवेपर्यंत संमती केव्हाही मागे घेता येते. तिची इच्छा नसताना कुणी काही करू शकत नाही. हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मी संमतीपत्र आणायला लावलं. कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये, दोघंही मराठी शाळेत शिकलेली. कन्नड बोलतात, पण कायद्याची कन्नड वाचणं वेगळं. ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. घटस्फोट झाला तर? दोघांतलं एक गेलं तर? वापरायचे नसतील तर? शेवटच्या प्रश्नापुढे ‘संशोधनासाठी’वर खूण होती. ती कुणी केली, दोघांनाही आठवेना. माझ्या मते ही संमतीच नव्हे. समजून-उमजून दिलेली लेखी संमती कायदा मागतो, समुपदेशनाची जबाबदारीही क्लिनिकवर टाकतो. आमच्या सीमाभागात समजून घ्यायचं तर कागद वाचता येणाऱ्या भाषेत हवा. मागून घ्या. नसेल तर वाचून दाखवायला लावा, आणि घाईत सही करू नका. किती बीजांडं फलित करायची हेही उपचाराआधीच डॉक्टरांशी बोलता येतं. कमी केली तर यशाची शक्यता घटू शकते, पण ज्यांना उरलेल्यांचा प्रश्न छळणार आहे त्यांनी तो तेव्हाच काढलेला बरा.

त्याने वेळ मागितला. आणखी एका वर्षाची फी भरली. तिने हरकत घेतली नाही. पुढची फी भरायची वेळ येण्याआधी दोघं परत आली. संशोधनाला द्यायची तिची तयारी होती, पण त्याच्या मनाला ते पटेना, आणि तिनेही ताणलं नाही. जुनी खूण रद्द करून, साठवण थांबवण्याच्या अर्जावर दोघांनी सह्या केल्या. आत्याबाईंना काय सांगायचं, यावर मात्र निघेपर्यंत दोघांचं एकमत झालं नव्हतं.