'गेम ऑफ थ्रोन्स' मालिका बघून झाली, आता पुस्तकं?

'पुढचं माहीत आहे' म्हणून थेट तिसऱ्या भागावर उडी मारू नका. पहिलं पुस्तक, 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६), पहिल्या पानापासूनच वाचा. इथे बहुतेक प्रकरणांना पात्राचं नाव आहे आणि त्या पात्राला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. ब्रॅनचं पहिलं प्रकरण घ्या. सात वर्षांचा पोरगा, बर्फात मरून पडलेली प्रचंड लांडगीण, तिच्या गळ्यात रुतलेला सांबरशिंगाचा तुकडा. शिंग बघून मोठी माणसं एकदम गप्प होतात. ती घाबरलीत हे ब्रॅनला जाणवतं, का ते कळत नाही. ही घुसमट पडद्यावर पकडणं अवघडच, आणि मला तर पुस्तकाचा खरा जीव इथेच वाटतो.

नावांचा गोंधळ होणारच. शेवटी घराण्यांची यादी दिली आहे, तिथे खूण घालून ठेवा.

चौथ्या पुस्तकात टिरियन, जॉन, डॅनेरिस यांची प्रकरणंच नाहीत. त्याच काळातली त्यांची गोष्ट पाचव्यात येते, तेव्हा वैतागून चौथं अर्धवट सोडू नका. आणि हे आधीच सांगते: मालिका २०१९ मध्ये संपली, पण मूळ कथा २०११ च्या पाचव्या पुस्तकापाशीच थांबली आहे.