मी हसले, आणि ती उभीच राहिली

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. भांडुपला राहते, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तीन वर्षांपूर्वी माझं वजन ९६ किलो होतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवत आता ६५ वर आलंय. लहानपणापासून लोकांचे विनोद ऐकत आले. रिक्षावाला म्हणायचा, ‘मॅडम, मधे बसा, नाहीतर गाडी कलंडेल.’ लिफ्टमध्ये शिरले की कुणीतरी तोंडाने ओव्हरलोडची घंटा वाजवायचं. वाटलं होतं, वजन गेलं की हे संपेल. पण आता अनोळखी माणसं मला त्यांच्यातलीच समजून जाड माणसांवरचे विनोद ऐकवतात. दादरला दुकानात सेल्समन म्हणाला, ‘तुमचं माप इकडे मॅडम, तिकडच्या रॅकवर नुसते तंबू आहेत.’ त्या रॅकवरून मी कितीतरी वर्षं कपडे घेतलेत.

लिहायचं खरं कारण पुढेच आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळच्या स्लो लोकलला, लेडीज सेकंड क्लासमध्ये मी तिसऱ्या सीटवर होते. दादरला एक जाड बाई चढली. हातात दोन पिशव्या, घामाने निथळत होती. तिने आमच्या तिघींच्या बाकावर सरकून चौथी सीट मागितली. माझ्या शेजारची मला कोपर मारून म्हणाली, ‘ही बसली तर आपण तिघी खिडकीबाहेर.’ मी हसले, ताई. मोठ्याने नाही, पण हसले, आणि तिने ते पाहिलं. भांडुपला मी उठले, जागा झाली, तरी ती बसली नाही. खांब धरून दुसरीकडे बघत राहिली. नवरा म्हणतो, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. अशा वेळी काय बोलायचं? मीही तशीच होते हे सांगायचं का? आणि उद्या वजन परत आलं तर? आणखी एक बारीकसा प्रश्न. माझ्या लग्नातल्या पैठणीचा ब्लाउज आत घ्यायला टाकलाय. शिंपी विचारतो, आतलं जास्तीचं कापड कापून टाकू का? चार दिवस झाले, मला उत्तर देता येत नाही.
क. म., भांडुप

उत्तर : ‘ताई’ म्हणालीस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. जागा झाली तरी ती बसली नाही. तुझ्या नवऱ्याला तुझा त्रास बघवत नाही हे मी समजू शकते, पण त्याचं म्हणणं मला पटत नाही. हे मनाला लागायलाच हवं होतं.

ते हसू कुठून आलं, ते मात्र मला कळतंय. रिक्षावाला ‘कलंडेल’ म्हणाला की तू काय करायचीस? हसायचीसच ना? अंगाने जाड असलेल्या मुलीला फार लवकर समजतं की आपण हसलो तर विषय तिथेच मिटतो, आणि चिडलो किंवा डोळ्यांत पाणी आलं तर आणखी चार जण त्यात पडतात. इतकी वर्षं त्या हसण्याने तुला सांभाळलं. त्या संध्याकाळी तेच, तुला न विचारता, ओठांवर आलं. यात मला तुझा दुष्टपणा दिसत नाही. पण त्या बाईला यातलं काय माहीत? तिला एक बारीक बाई आपल्यावर हसताना दिसली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जाणार नाही.

आता काय बोलायचं ते. त्यासाठी मला माझ्या आईबद्दल सांगावं लागेल.

आई लालबागला आमच्या चाळीतल्या खोलीत ब्लाउज शिवायची. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तोवर आईचं शिवण वरखर्चापुरतं होतं, संपात सगळं घर त्या मशीनवर आलं. माप घेताना आईचा एक नियम होता : आकडा तोंडाने म्हणायचा नाही. खोलीत दुसरी एखादी बाई बसलेली असायचीच, आणि हिची छाती-कंबर तिच्या कानावर जाता कामा नये. आई टेप लावायची आणि आकड्यावर अंगठ्याचं नख टेकवायची. मी वाकून बघायची आणि वहीत लिहायची. छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची. सगळं मुकाट्याने.

त्या पावसाळ्यात वहीत खाडाखोड वाढली. नवे ब्लाउज कुणी टाकत नव्हतं, जुनेच आत घ्यायला यायचे. ३८ खोडून ३६, काही महिन्यांनी ३६ खोडून ३४. गौरी-गणपतीच्या आधी आमच्याच मजल्यावरच्या एक काकू आल्या होत्या, एरवी अंगाने चांगल्या भरलेल्या. दोन्ही हात आडवे करून उभ्या होत्या, आई टेप लावत होती. तेवढ्यात कुणाचं तरी घर शोधत आलेल्या एका माणसाने पडदा सारून आत डोकं घातलं. काकूंकडे बघून म्हणाला, ‘वा वहिनी, संप मानवलेला दिसतोय! अंग कसं आटोपशीर झालंय.’ काकू हसल्या. तू लोकलमध्ये हसलीस ना, तसंच असणार ते हसणं. त्यांच्या घरी तेव्हा रात्रीची चूल पेटत नव्हती, आणि ते सगळ्या मजल्याला माहीत होतं.

आईने टेप काढली नाही. नुसती मान वळवून म्हणाली, ‘भाऊ, इथे मापं चालली आहेत. बाहेर थांबा.’ आवाज चढला नव्हता. तो माणूस चटकन मागे झाला, पडदा पडला. आईने नख टेकवलं आणि मी ३४ लिहिलं.

त्या वाक्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आईने त्याचा विनोद हातातच घेतला नाही. तो बरा की वाईट, काकूंच्या घरी काय चाललंय, त्याला लाज वाटायला हवी की नको, काहीच बोलली नाही. इथे काय काम चाललंय ते सांगितलं, आणि त्याने काय करायचं ते सांगितलं. काकूंना आपल्या अंगाचा खुलासा द्यावा लागला नाही.

लोकलमध्येही असंच कर. शेजारचीने कोपर मारलं तरी तिच्याकडे बघायचं नाही. उभ्या असलेल्या बाईकडे बघून ‘या, बसा’ म्हणायचं, आणि मग शेजारचीला, ‘जरा सरकून घ्या हो.’ तिसऱ्या सीटवर तू होतीस, जागा करणं तुझ्याच हातात होतं. मुंबईच्या बायकांना ‘सरका’ म्हटलं की अंग आपोआप सरकतं, त्यावर वाद होत नाही. त्या बाईची एक पिशवी आपल्या मांडीवर घेतलीस तर फारच छान. एवढं करूनही शेजारची थांबली नाही, तर तिच्याकडे सरळ बघून ‘मला नाही हसू आलं’ एवढं म्हणायचं. ‘म्हणजे काय, नीट समजावून सांगा’ असं विचारून समोरच्याच्या तोंडून विनोद उकलून घ्यावा, असाही सल्ला हल्ली देतात. भरल्या डब्यात मला तो नको वाटतो. ती खरंच समजावून सांगायला लागली, तर उभी असलेली बाई ते सगळं पुन्हा ऐकणार.

दुकानातलं सोपं आहे. तिथे तू गिऱ्हाईक आहेस. ‘माझ्यासमोर असं बोलू नका’ म्हणायचं, आणि पुन्हा बोलला तर कपडे तिथेच ठेवून बाहेर पडायचं.

‘मीही ९६ किलोची होते’ हे सांगायचं का? त्या क्षणी नको. तू ते म्हणालीस की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘अय्या, खरंच? मग कसं काय कमी केलंत?’ सगळ्या तुझ्याकडे वळतील, डाएटची चौकशी सुरू होईल, आणि ती बाई तिथेच उभ्या उभ्या तुझा जुना फोटो होऊन जाईल. शिवाय, ज्याच्या अंगावर बेतलंय त्यानेच हरकत घ्यावी असा अर्थ त्यातून निघतो. जन्मभर बारीक असलेल्या बाईनेही ‘सरका’ म्हणायला हवं. तुला तुझी गोष्ट सांगायचीच असेल, तर मैत्रिणीला सांग, बहिणीला सांग, निवांत बसून.

एक आकडा मात्र लक्षात ठेव. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ किंवा त्याहून जास्त निघाला. आपल्याकडचे डॉक्टर जास्त वजनाची रेघ २३ वरच ओढतात, ती धरली तर आकडा आणखी वर जातो. म्हणजे चौघींच्या बाकावर सरासरीने एक. त्यात कुणाचा थायरॉइड मंदावलेला, कुणाला पीसीओडी, कुणी दम्यासाठी वा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेली, कुणाचं बाळंतपणात वाढलेलं उतरलंच नाही. त्या दादरच्या बाईचं यातलं काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि तिला चौथी सीट द्यायला ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

‘परत आलं तर?’ ही तुझी भीती अनाठायी नाही. वजन उतरलं की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटतं, आणि शरीर बसल्या जागीही पूर्वीपेक्षा कमी खर्चात भागवायला लागतं. वर्ष उलटलं तरी ही ओढ राहते, असं संशोधनात दिसलंय. म्हणून अनेकांचं थोडंफार वजन परत येतं, आणि ते आळशी असतात म्हणून नव्हे. डॉक्टरांकडे जाणं चालू ठेव. काटा दोन-चार किलो वर गेला तर लपवू नकोस, त्यांना सांग. आणि ज्या विनोदांची तुला उद्यासाठी धास्ती वाटते, ते आजच तुझ्या शेजारी बसून कुणीतरी करतंय. म्हणून मी तुला आजच बोल म्हणते.

ती बाई पुन्हा दिसेल, एकाच वेळेची गाडी असेल तर नक्की दिसेल. माफी मागायला तिला गाठू नकोस. चार बायकांसमोर तो प्रसंग पुन्हा उकरून निघेल, तिने तुला ‘असू दे’ म्हणावं लागेल, आणि ते ओझंही तिच्यावरच. जागा कर, बसली तर ठीक, नाही बसली तर पुन्हा कर.

आता ब्लाउज. मला हा प्रश्न बारीकसा वाटत नाही. शिवणकामात त्या आतल्या कापडाला माया म्हणतात, हे तुलाही माहीत असेल. आई कुणाची माया सगळी कापायची नाही. काकूंचा तो ब्लाउज तिने आत दुमडून टीप मारून दिला. दोन वर्षांनी काकूंच्या मुलाला नोकरी लागली, आणि तोच ब्लाउज उसवायला आला. जुन्या टिपेची भोकं ओळीने दिसत होती, पण कापड होतं.

तुझं मात्र ३१ किलोंचं आहे. सगळं आत ठेवलं तर काखेत गोळा होईल आणि बोचेल. दोन्ही बाजूंना सव्वा-दीड इंच माया ठेवायला सांग, बाकीचं कापू दे. अस्तरालाही तेवढीच माया हवी, नाहीतर पुढे नुसतं वरचं कापड उसवून भागत नाही. खांदा आणि मुंढाही आत घ्यायला सांग, नुसत्या कडेच्या टिपांनी तो अंगावर बसणार नाही. आणि कापलेले तुकडे दुकानात सोडू नकोस, आठवणीने मागून घे. पैठणीचं कापड आहे, पुढे बाहीला जोड द्यायला लागतं.