नारिंगी ओहोळ आणि पांढरी पडलेली जमीन

प्रश्न: खाणीकडून येणारा ओहोळ नारिंगी झाला आहे आणि त्यावर भिजणारा भात खुरटला आहे. ओहोळात चुनखडीचे दगड टाकले. आठवडाभर बरे वाटले, पुन्हा तेच. शेजाऱ्याच्या शेतात तेलविहिरीची पाइपलाइन फुटली होती. तेल उपसले, तरी तिथे काही उगवत नाही. दोघांनीही जिप्सम टाकावे का?

उत्तर: नको. तुमच्या दोघांचे दुखणे वेगळे आहे.

आधी नारिंगी पाणी. खाणीतून उपसलेल्या दगडात गंधक आणि लोहाचे खनिज असते. त्याला हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. नारिंगी दिसतो तो लोहाचा गाळ. ओहोळातला एक दगड काढून विळ्याने खरवडून बघा. वर गंजाचा थर, आत चुनखडी जशीच्या तशी. म्हणून आठवड्यात गुण संपला. आणि नितळ पाण्यावर तर मुळीच विसंबू नका. सामू (pH; जितका कमी तितके पाणी जास्त आम्ल) चारच्या खाली गेलेले पाणीही काचेसारखे स्वच्छ असू शकते. शेतात चुना टाकायचा तो माती परीक्षणात जेवढा निघेल तेवढाच, पण आधी पाट बंद करा. वरून आम्ल येत राहिले तर चुना वाया जातो. जिप्समने सामू वाढत नाही.

खाण जस्त किंवा शिशाची असेल तर मला जास्त काळजी कॅडमियम या विषारी धातूची वाटते. ते पिकाकडे बघून कळत नाही. जपानमधल्या जिंझू नदीकाठी कामिओका खाणीतले कॅडमियम भातातून लोकांच्या हाडांत गेले. त्या ‘इताई-इताई’ (‘दुखतंय-दुखतंय’) आजाराचे कारण प्रदूषण आहे, हे तिथल्या सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार कॅडमियमची मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळात किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे. खायला ठेवण्याआधी दाणे तपासून घ्या. ओंबी बाहेर पडण्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे स्वच्छ पाणी साचवून ठेवले तर दाण्यात कॅडमियम कमी उतरते. मातीत आर्सेनिकही असेल तर मात्र हा उपाय उलटतो.

आता शेजाऱ्याचे. तेल हा त्यातला सोपा भाग. मातीतले जिवाणू ते हळूहळू खातात. त्यांना हवा आणि नत्र लागते, म्हणून कुळवणी करून शेणखत आणि थोडे नत्रखत द्या. जाळू मात्र नका. खरा त्रास तेलासोबत वर आलेल्या पाण्याचा. ते अनेकदा समुद्राहून खारट असते, आणि मीठ कुठलाच जिवाणू खात नाही. उन्हात जमिनीवर पांढरा थर येतो, पावसात माती चिखलासारखी बसते, वाळली की दगड. अशा चोपण जमिनीला जिप्सम उपयोगी पडते, पण आधी चर काढून निचरा करा आणि मग गोड्या पाण्याने मीठ खाली धुवा. निचऱ्याशिवाय टाकलेले जिप्सम म्हणजे पैसे मातीत. विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचे माप) ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल ते पाणी बहुतेक पिकांना देऊ नका.

गाळ उचलण्याआधी नमुने घ्या: वरचा १५ सेंटिमीटर थर बिघडलेल्या जागेतून आणि तेवढाच त्याच शेतातल्या चांगल्या जागेतून. तुलनेशिवाय नुकसान सिद्ध करणे अवघड जाते. तेलाच्या तपासणीचे पाणी काचेच्या बाटलीत द्या; प्लॅस्टिक तेल शोषून घेते.