पेन्सिल तीच, कागद वेगळा

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न फिरून फिरून कागदावरच येतायत. कुणाची शाई फुटतेय, कुणाचा कोळसा बसत नाहीये, कुणाचं चित्र मागून तेलकट झालंय. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि कागदाचेच घेतले. मी नाशिकमध्येच ड्रॉइंगचे क्लास घेते, त्यामुळे खाली लिहिलंय ते सगळं क्लासमधल्या टेबलावर नाहीतर गोदाघाटाच्या पायरीवर बसून करून बघितलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी अकरावीला आहे. शाळेच्या ड्रॉइंग वहीत माझं पेन्सिल शेडिंग मस्त यायचं. मामाने वाढदिवसाला ३०० जीएसएमचा वॉटरकलर पॅड दिला, त्यावर त्याच ६बीनं शेडिंग केलं तर सगळं ठिपक्याठिपक्यांचं दिसतंय. मग आयव्हरी कार्डवर करून बघितलं तर काळं होतच नाही, नुसतं चकाकतं. माझा हात बिघडलाय का? (इंदिरानगर)

उत्तर : हात अजिबात बिघडलेला नाही, ते आधी डोक्यातून काढून टाक. पेन्सिलीतली कांडी म्हणजे ग्राफाइट आणि माती एकत्र करून भाजलेली असते, १७९५ मध्ये फ्रान्सच्या निकोला-जाक काँते यांनी या रीतीचं पेटंट घेतलं. माती जास्त तर कांडी कडक आणि फिकट म्हणजे एच, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी म्हणजे बी, हे तुला माहीत असेलच. पण पेन्सिल स्वतःहून काही सोडत नाही गं, कागद तिला खरवडून घेतो. किसणीवर खोबरं किसतो ना तसंच. किसणीला दात मोठे असले तर जाड कीस पडतो, बारीक असले तर बारीक, आणि किसणी उलटी धरून घासलं तर काहीच पडत नाही. तुझं आयव्हरी कार्ड म्हणजे ती उलटी किसणी. त्याच्यावर ग्राफाइट खरवडलं जात नाही, नुसतं दाबलं जाऊन त्याचे थर एकावर एक सपाट बसतात आणि आरशासारखे चमकायला लागतात. तू अजून जोर लावणार, ते अजून चमकणार, काळं काही होणार नाही.

वॉटरकलर पॅडचं उलटं आहे. तो बहुतेक कोल्ड प्रेस असणार, म्हणजे त्यावर बारीक उंचवटे आणि खळगे असतात, मऊ पेन्सिल उंचवट्यांवरनं सरकत जाते आणि खळगे पांढरे राहतात, तेच तुझे ठिपके. खळगे भरायचे असतील तर आधी २एच किंवा एचबीला लांब टोक काढ आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवत जा, टोक आत शिरतं, मग वरनं ६बी दे. किंवा टिश्यूने दाबून भर, पण मग चित्र धुरकट होतं, मला ते फारसं आवडत नाही. आणि खरं सांगू, ते ठिपके प्रत्येक वेळी भरायलाच पाहिजेत असंही नाही. घाटाच्या पायऱ्या, जुन्या वाड्याची पोपडे आलेली भिंत, वडाचं खोड असं काही काढायचं असेल तर तो कागद अर्धं काम करून देतो. चेहरा काढायचा असेल तर मात्र तो पॅड ठेवून दे आणि साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा ड्रॉइंगचा कागद घे.

जीएसएमबद्दल पण एकदा स्पष्ट करते कारण क्लासमध्ये पालकही यात फसतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. बस, एवढंच. त्यावरनं कागद जाड आहे, पाणी मारलं तर कमी वाकेल एवढं कळतं, गुळगुळीत की खरखरीत हे कळत नाही. ३०० जीएसएममध्येच हॉट प्रेस मिळतो जो अगदी सपाट असतो आणि रफ मिळतो जो पापडासारखा असतो. म्हणून दुकानात आकडा वाचून घेऊ नकोस, कोपऱ्यावरनं बोटाची मागची बाजू फिरव, आणि शीट तिरकी करून उजेडात धर. बऱ्याच शीटच्या दोन बाजूही सारख्या नसतात, एका बाजूला जाळीचा ठसा दिसतो.

आता तुला एक काम देते, सुट्टीत कर. घरात मिळतील तेवढ्या कागदांच्या दोन इंच रुंदीच्या पट्ट्या काप. कार्ट्रिज, आयव्हरी, हँडमेड, खाकी कागद, बटर पेपर, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, वर्तमानपत्राची कोरी कड, संक्रांतीचा उरलेला पतंगाचा ताव, जे सापडेल ते. प्रत्येक पट्टीवर त्याच क्रमाने त्याच खुणा करायच्या: २एच, २बी, ६बी, चारकोल, बॉलपेन, जेलपेन, ऑइल पेस्टल, शेवटी ओल्या ब्रशचा एक फटका. पट्टीच्या मागे कागद कुठला आणि कुठनं आणला ते लिही, नाहीतर आठवडाभराने कुठली कुठली हेच कळत नाही. माझ्याकडे अशा पट्ट्यांची एक जुनी फाइल आहे आणि नवीन चित्र सुरू करायच्या आधी मी अजूनही ती उघडते. बॉलपेनची पट्टी अर्धी झाकून खिडकीत उन्हात लावून ठेव, काही महिन्यांनी झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरून बघ, बऱ्याच बॉलपेनची शाई उडालेली दिसेल.

प्रश्न : मॅडम, रिटायर झाल्यावर बोरूने देवळांची स्केचेस करायला लागलोय, बोरू स्वतः तासतो. हौसेने हातकागद आणला, दिसायला फार सुंदर आहे, पण शाई अशी फुटते की रेघेला केस आल्यासारखे दिसतात. पुण्याहून दुसरा हातकागद आणला त्यावर मात्र फुटत नाही. दोन्ही हातकागदच, मग हे असं का? (पंचवटी)

उत्तर : काका, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला कारण बोरू तासणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिलीयत. शाई फुटते याचं कारण एकच, त्या पहिल्या कागदाला सायझिंग नाही किंवा फारच कमी आहे. कागद म्हणजे शेवटी तंतूंची जाळी, तिला काही लावलं नाही तर ती टिपकागदासारखी शाई ओढून घेते आणि तंतू जिकडे जातो तिकडे शाई जाते. म्हणून कागद बनवताना जिलेटिन, स्टार्च किंवा दुसरं काही घालतात, त्यालाच सायझिंग म्हणतात. आपल्याकडे पोथ्यांचा कागद असायचा त्याला खळ लावून, वाळवून मग गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणून त्या पोथ्यांवरची बोरूची अक्षरं इतकी वर्षं होऊनही कशी कापल्यासारखी दिसतात बघा. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे हातकागदाचं, आणि पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून आहे. म्हणजे हातकागद हा काही एकच माल नाही, कुठला लिहिण्यासाठी केलेला असतो, कुठला पिशव्या आणि पाकिटांसाठी.

घेण्याआधी ओळखायचं कसं, तर एका कोपऱ्यावर ओलं बोट टेकवा. ओल लगेच आत जाऊन तिथे गडद डाग पडला तर शाई फुटणार. पाणी थोडा वेळ वरच चमकत राहिलं तर कागद चांगला.

आणलेला कागद वाया घालवू नका पण. भाताची पेज किंवा पातळ खळ करा, पाण्यासारखीच पातळ, गाळून घ्या, रुंद मऊ ब्रशने एकदाच हात मारा, वर परत परत घासू नका नाहीतर तंतू उठतात. दोरीवर वाळवा, पुस्तकांखाली रात्रभर दाबा आणि मग स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खळ दाट झाली होती आणि वाळल्यावर कागदाला घडी घालताना पापुद्रे निघाले, त्यामुळे पातळच ठेवा. आणखी एक, खळीच्या कागदाला कसर लागते, तेव्हा ती चित्रं बंद पेटीत नुसती टाकून देऊ नका, मधून मधून काढून बघत जा.

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक बोरूला चालते पण फाउंटन पेनात ती चुकूनही भरू नका, अशा बऱ्याच शायांमध्ये लाख असते, आत वाळली की पेन गेलं.

प्रश्न : मुलीने ऑइल पेस्टलने केलेली चित्रं मी वहीत जपून ठेवली होती, वर्षभराने बघते तर मागच्या पानांवर पिवळट तेलाचे डाग. रंग खराब होते की कागद? आणि टिकाऊ कागद म्हणजे नक्की काय बघून घ्यायचा? (नाशिकरोड)

उत्तर : रंगाचाही दोष नाही. ऑइल पेस्टलमध्ये जे तेल असतं ते वाळणारं नसतंच, म्हणून ती कांडी वर्षानुवर्षं मऊ राहते, आणि तेच तेल हळूहळू पातळ कागदात उतरतं. पुढच्या वेळी कागदाला आधी पांढऱ्या ॲक्रिलिक जेसोचा, म्हणजे रंगाखाली लावायच्या अस्तराचा, एक हात द्या, वाळू द्या, मग रंगवू द्या. जेसोने थोडा खरखरीतपणाही येतो त्यामुळे रंग जास्त बसतो, मुलांना ते फार आवडतं. आणि ठेवताना दोन चित्रांमध्ये बटर पेपर घाला.

टिकाऊ कागदाचं म्हणाल तर तुम्ही नाशिकरोडच्या, तुम्हाला नोटेचंच उदाहरण देते. करन्सी नोट प्रेस तिथे १९२८ पासून आहे, आणि नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून नोट शर्टाच्या खिशात राहून धुतली गेली तरी सहसा सुकवून वापरता येते. तेच वर्तमानपत्राचं पान धुवून बघा, लगदा होईल. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहिलेलं असतं, उन्हात काही दिवसांत पिवळा पडतो. तर पॅडवर शंभर टक्के कॉटन आणि ॲसिड-फ्री असं लिहिलंय का बघा. पण मुलीला सरावाला तो देऊ नका, मनापासून सांगते. महागाचा कागद समोर ठेवला की मूल घाबरून बारीक बारीक काढायला लागतं, मी हे कितीदा बघितलंय. सरावाला साधा कार्ट्रिज, तोही भरपूर.

प्रश्न : काळाराम मंदिर चारकोलने केलं, चार वेळा केलं, दरवेळी नुसता काळा ठोकळा होतो. पेन्सिलने ड्रॉइंग करून त्यावर चारकोल देतो, काही ठिकाणी तो बसतच नाही. (गंगापूर रोड)

उत्तर : बसत नाही कारण खाली ग्राफाइट आहे. ग्राफाइट निसरडं असतं, त्यावर चारकोलला धरायला काही मिळत नाही. ड्रॉइंगसुद्धा चारकोलच्या बारीक काडीनेच करा, चुकलं तर फडक्याने झटकलं की जातं.

ठोकळा होतो त्याचं कारण म्हणजे तुम्ही पांढऱ्या कागदावर काळा दगड काढताय आणि सगळा मधला टोन तुम्हालाच भरावा लागतोय. खाकी कागद घ्या, किंवा राखाडी टिंटेड. मधला टोन कागदानेच दिला, तुम्ही फक्त सावलीला चारकोल आणि उन्हाला पांढरा खडू द्यायचा, आणि बराचसा कागद कोराच सोडायचा. सकाळी लवकर जाऊन बसा, तो दगड तेव्हा काळा दिसतच नाही, उन्हाच्या बाजूने जवळजवळ खाकीच दिसतो. फक्त पांढरा आणि काळा एकमेकांत मिसळू देऊ नका, निळसर मातकट राख होते आणि सगळा उजेड जातो. कागदाची खरखरीत बाजू वापरा, काडीच्या चारकोलला चिकटवणारं काही नसतंच, तो फक्त कागदाच्या खळग्यांत अडकून राहतो. साधा खाकी कागद पुढे काळवंडतो आणि ठिसूळ होतो हे धरून चला, स्टडी त्यावर करा आणि पक्कं चित्र चांगल्या टिंटेड पेपरवर.

फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल कागदावर पक्का करणारा स्प्रे, गच्चीवर मारायचं, फूटभर लांबून, हलके दोन-तीन हात, एकदम ओलं करायचं नाही. हेअर स्प्रे मारतात लोक, मी कधीच सांगत नाही, काळाने पिवळा पडतो. एकदा त्र्यंबकहून येताना फिक्स न केलेली सहा चित्रं मी बाइकला बांधून आणली, घरी पोचेपर्यंत एकावरही ब्रह्मगिरी शिल्लक नव्हता.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात कागद एवढा सर्द होतो की पेन्सिल नीट चालत नाही, जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा हात) वाळत नाही. जून ते सप्टेंबर काय करायचं? (इगतपुरी)

उत्तर : सर्द कागद मऊ पडतो, कडक पेन्सिल त्यात रुतते आणि खोडरबराने साल निघते. तेव्हा या चार महिन्यांत बी बाजूच्या पेन्सिली वापरा आणि पुट्टी रबराने (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर) नुसतं दाबून उचला, घासू नका. कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवा, भिंतीला लागून नको, बुरशीचे तपकिरी ठिपके आले की ते जात नाहीत. लागेल तेवढीच शीट बाहेर काढा आणि काढल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली धरा.

आणि वॉश वाळत नाही तर ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या रंगातच दुसरा ओला रंग सोडायचं काम करायला याच्याइतका चांगला काळ नाही. एप्रिलमध्ये नाशिकला ब्रश उचलेपर्यंत कड वाळून जाते, तुमच्याकडे आत्ता आकाश आणि धुकं सावकाश जोडत बसता येईल. कापसाचा जाड कागद घ्या, चारी बाजूंनी टेप लावून बोर्डवर ताणा, आणि खिडकीतनं जो डोंगर दिसत असेल तो दिसेनासा व्हायच्या आत सुरू करा.