वाचकांचे प्रश्न : मठाची आज्ञा आणि सोफियाटाउनचे फादर

प्रश्न : बिशप हा धर्मप्रांताचा अधिकारी आणि मठवासी म्हणजे सत्ता व संपत्ती दोन्हींवर पाणी सोडलेला माणूस. अँग्लिकन बिशप ट्रेव्हर हडलस्टन हे दोन्ही होते असे वाचले. हे त्यांना कसे जमले?

उत्तर : ते सहज जमले नाही, आणि हडलस्टन यांच्याविषयी मला वाटणाऱ्या आदराचे कारणही तेच आहे. त्यांचा जन्म 1913 चा, इंग्लंडमधील बेडफर्डचा. धर्मगुरू झाल्यानंतर 1939 मध्ये ते यॉर्कशायरमधील मिरफील्ड येथील ‘कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शन’ या बंधुसंघात दाखल झाले. चार्ल्स गोर यांनी 1892 मध्ये ऑक्सफर्डला स्थापन केलेल्या या संघातील बंधू अविवाहित राहतात, एकाच छपराखाली प्रार्थना, भोजन आणि काम करतात, स्वतःची म्हणून मालमत्ता ठेवत नाहीत आणि संघाच्या प्रमुखाची आज्ञा पाळतात. यांतील शेवटचा नियम सर्वांत कठीण, असे माझे मत आहे. पैसा एकदा सोडला की सुटतो. स्वतःची इच्छा मात्र पुन्हा पुन्हा सोडावी लागते.

1943 मध्ये संघाने त्यांना दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गमधील सोफियाटाउनला पाठवले. काळ्या माणसांना स्वतःच्या नावावर जमीन घेता येईल अशा, त्या शहरातील मोजक्या वस्त्यांपैकी ही एक होती. दाटीवाटीची आणि गरीब, पण गाण्याबजावण्याने गजबजलेली. तेथील ख्रिस्त राजा चर्चचे काम त्यांच्याकडे आले आणि पुढे रोझेटेनव्हिलच्या सेंट पीटर्स शाळेची जबाबदारीही. या शाळेतील ह्यू मासेकेला या मुलाने ट्रम्पेट मिळाले तर आपण वात्रटपणा करणार नाही असे सांगताच फादरांनी त्याला ट्रम्पेट मिळवून दिले, आणि हाच मुलगा पुढे जगप्रसिद्ध वादक झाला.

1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना दुय्यम दर्जाचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली, तेव्हा ही नामांकित शाळा सरकारच्या हवाली करण्यापेक्षा ती बंद करणे बंधूंनी पत्करले. हा निर्णय मुलांच्या हिताचा होता का, याबद्दल तेव्हाही दुमत होते; मला मात्र तो प्रामाणिक वाटतो. फेब्रुवारी 1955 मध्ये सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यात सोफियाटाउनमधील कुटुंबांना सामानासकट ट्रकमध्ये बसवून दूरच्या मेडोलँड्स वस्तीत नेण्यास सुरुवात झाली. फादर रस्त्यावर उतरून विरोध करत राहिले, पण वस्ती वाचली नाही. घरे पाडून तेथे गोऱ्यांसाठी नवी वसाहत उभारण्यात आली आणि तिला ‘त्रिओम्फ’, म्हणजे विजय, असे नाव देण्यात आले.

अशा ऐन लढ्यात मिरफील्डहून परतण्याची आज्ञा आली. ती देणारे संघप्रमुख रेमंड रेन्स स्वतः सोफियाटाउनमध्ये काम करून गेले होते, त्यामुळे आपण या माणसाला कशापासून तोडत आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते. हडलस्टन यांचे मन त्या वस्तीत गुंतलेले होते, तरीही 1956 च्या आरंभी ते निघाले. इंग्लंडमध्ये त्यांना नवदीक्षितांना घडवण्याचे काम देण्यात आले, आणि हजारोंच्या सभा गाजवणारा हा माणूस मठाच्या प्रार्थनेच्या घंटेबरोबर उठू-बसू लागला.

बिशपपद त्यानंतर आले. 1960 ते 1968 ते टांगानिकातील, म्हणजे पुढच्या टांझानियातील, मसासी या दुर्गम धर्मप्रांताचे बिशप होते आणि आफ्रिकी बिशप यावा म्हणून त्यांनी ते पद सोडले. मग दहा वर्षे लंडनच्या पूर्व भागात स्टेपनी येथे त्यांनी काम केले. 1978 पासून 1983 पर्यंत ते मॉरिशसचे बिशप आणि हिंदी महासागर प्रांताचे आर्चबिशप होते. ज्या बेटावर हिंदू हा सर्वांत मोठा धर्मसमूह आहे आणि मराठी घराणीही पिढ्यानपिढ्या नांदत आहेत, तेथे अन्य धर्मीयांशी संवाद हा त्यांच्या कामाचा भाग झाला. 1981 मध्ये ते वर्णभेदविरोधी चळवळीचे अध्यक्ष झाले आणि 1994 मध्ये त्यांना भारताचा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार मिळाला. या साऱ्या काळात त्यांनी बंधुसंघ सोडला नाही. 20 एप्रिल 1998 रोजी मिरफील्डलाच त्यांचे निधन झाले. ज्या सोफियाटाउनमधून आज्ञेखातर निघून यावे लागले होते, तेथील त्याच चर्चच्या आवारात त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत.

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध लढलेले आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या आईपुढे त्यांनी टोपी उचलली होती, ही गोष्ट खरी आहे का?

उत्तर : ही आठवण खुद्द टुटू अनेकदा सांगत. त्यांची आई अंधांच्या एका संस्थेत स्वयंपाकाचे काम करत असे. टुटू लहान असताना तिच्यासोबत उभे होते, तेव्हा लांब काळा झगा घातलेला एक उंच गोरा धर्मगुरू जवळून गेला आणि जाता जाता त्याने तिला टोपी उचलून अभिवादन केले. काळ्या मोलकरणीला गोरा माणूस असा मान देतो, हे त्या मुलाने कधी पाहिलेच नव्हते. तो धर्मगुरू म्हणजे हडलस्टन. पुढे टुटू क्षयाने दीर्घकाळ रुग्णालयात होते, तेव्हा फादर नेमाने भेटीला येत आणि खाटेशेजारी बसून बोलत. टुटूंनी आपल्या मुलाचे नाव ट्रेव्हर ठेवले.