हेळवी म्हणजे ‘सांगणारा’ नव्हे

विट्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. सुगीनंतर त्यांच्या घरी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या चोपडीत लिहून ठेवणारा आणि त्या सांगत दारोदार फिरणारा भिक्षेकरी आला, चोपडी उघडली आणि ‘तुमचं घराणं मूळचं जतकडचं, दुष्काळात उठलं, आधी कवठेमहांकाळला टेकलं, मग इकडं आलं’ असं सांगून धान्य-कपडा घेऊन गेला. त्यांची पुढची पिढी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी तमिळनाडूत आहे, म्हणून हे सगळं आता लिहून ठेवायचं त्यांच्या मनात आहे. ते विचारतात: हेळवी हा शब्द कानडी ‘हेळ’ म्हणजे सांगणे यावरून आला का? वंशावळ बरोबर की वंशवळ?

वंशावळ. वंश आणि आवली, म्हणजे ओळ. ‘वंशवळ’ प्रतिज्ञापत्रांत हटकून दिसतं, पण ते चूक आहे.

आता हेळवी. ‘हेळ म्हणजे सांगणे, म्हणून हेळवी म्हणजे सांगणारा’ ही व्युत्पत्ती मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की आता ऐकवत नाही. व्याख्यानात तीच, पुरवणीतल्या लेखात तीच. अर्थ जुळला की व्युत्पत्ती झाली, असं समजणाऱ्यांनी शब्दांचं फार नुकसान केलं आहे.

कानडीत ‘ए’ दोन आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. दोन्हींची अक्षरं वेगळी आणि उच्चारही वेगळे. सांगणे या अर्थाच्या ‘हेळु’मधला ‘हे’ दीर्घ आहे. मिरज स्टँडवर कानडी माणूस ‘हेळ्री’ म्हणतो तेव्हा कान देऊन ऐका, तो ‘हे’ चांगला लांबवतो. या समाजाचं कानडी नाव ‘हेळव’, आणि त्यातला ‘हे’ ऱ्हस्व आहे, झटकन उच्चारून पुढं जायचा. मराठीला एकच ‘ए’ ठाऊक. त्यामुळं हे दोन वेगळे शब्द आपल्याकडं आले आणि लिहिताना एकसारखे दिसू लागले. घोटाळा सगळा आपल्या लिपीचा आहे, कानडी माणसाला तो पडतच नाही.

ऱ्हस्व ‘हे’चा हेळव म्हणजे पांगळा, लंगडा. अठराव्या शतकातल्या हरिदासी परंपरेतल्या कवयित्री हेळवनकट्टे गिरियम्मा यांच्या नावातला हेळव तोच. एडगर थर्स्टन यांनी १९०९ साली दक्षिणेतल्या जातीजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले. त्यांतही हेळव म्हणजे पांगळा असाच अर्थ दिला आहे. शिवाय त्यांनी एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. बळ्ळारी, म्हैसूर भागातले हे लोक बैलावर बसून गावात येत आणि पाय घोंगडीखाली झाकलेले असत. मग घरोघर जाऊन त्या त्या घराण्याचा इतिहास, लढाईत पडलेल्या वीरांची नावं सांगत. सांगणं हा त्यांचा धंदा होताच, पण नाव पडलं ते झाकलेल्या पायांवरून. मूळ पुरुष पांगळा होता म्हणून तो बैलावरून फिरे, अशी कथा हेळवी स्वतःच सांगतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना घंटा बांधलेला तो बैल आठवतो. हल्लीचे हेळवी मोटारसायकलवर येतात.

इथं मला माझं एक मत मांडायचं आहे, आणि ते मी बरीच वर्षं धरून आहे. पाय धड असलेल्या माणसानं पांगळा म्हणून भिक्षा मागायची, ही कल्पना काही एकट्या कानडी मुलुखाची नाही. आपला पांगुळ घ्या. पहाटे येऊन दान मागणारा हा भिक्षेकरी चांगला चालता-फिरता असतो, तरी नाव पांगुळच. कारण तो ज्याच्या नावानं मागतो तो अरुण, सूर्याचा सारथी, पायांवाचून जन्मलेला. अमरकोशात अरुणाला ‘अनूरु’ म्हटलं आहे, म्हणजे मांड्या नसलेला. हा पांगुळ संतांनाही इतका जवळचा वाटला की त्यांनी त्याच्यावर रूपकं रचली. माझं म्हणणं असं की पांगुळ आणि हेळव ही एकाच जुन्या कल्पनेची मराठी आणि कानडी नावं आहेत. दोघेही दारोदार फिरतात, दोघेही पांगळ्याचं नाव लावतात, दोघांनाही दान देणं पुण्याचं. एकाच्या वाट्याला पहाट आली, दुसऱ्याच्या वाट्याला वंशावळ. शेवटची ‘ई’ मात्र आपली, गोंधळी, डवरी, भराडी यांच्या पंगतीला बसवताना मराठीनं लावलेली.

काही विद्वान हेळवी शब्द संस्कृत ‘हेला’पर्यंत, म्हणजे अवहेलनेपर्यंत नेतात, हेळसांडीच्या घराण्यात घालतात. ज्या माणसाकडं गावानं आपल्या पिढ्या सांभाळायला दिल्या, त्याला हेळसांडीत बसवायचं? कानडीशी खेटून असलेल्या मिरज-जतच्या पट्ट्यातला शब्द सोडवायला आधी कानडी बघावी, एवढं साधं पथ्यही ही मंडळी पाळत नाहीत.

हेळव्याला भाट म्हणणंही बंद करा. भाट स्तुती करतो. हेळवी मूळ पुरुष, कुलदैवत, देवक, मूळ ठिकाण, कोणता भाऊ कुठं गेला हे सांगतो आणि मागच्या खेपेनंतर जन्मलेली नावं चोपडीत चढवतो. त्याची गावं त्याला वाडवडिलांकडून आलेली असतात, त्यामुळं एका घराच्या पिढ्या एकाच चोपडीत राहतात.

तुमच्या घराण्याबद्दल तो बोलला त्यात तारीख नसणार, पिढ्या असतील. त्या मोजा. पाचेक पिढ्या भरत असतील तर तो दुष्काळ १८७६-७८चा धरायला हरकत नाही. तेरा-चौदा भरल्या तर १६३०-३२चा. तुमचे पूर्वज नव्या गावात आले तेव्हा जुन्या दप्तराच्या भाषेत ‘उपरी’ ठरले असणार, म्हणजे मिरासी, वंशपरंपरेचा जमिनीचा हक्क नसलेले. जे उठून गेले त्यांच्या जमिनीला मागं ‘गतकुळी’ म्हणत. गावाचा थळझाडा, म्हणजे जमिनींची जुनी नोंद शाबूत असेल तर त्यात मूळच्या कुळांची नावं सापडतात. म्हणून हेळव्याची चोपडी एकीकडं आणि थळझाडा दुसरीकडं ठेवून ताडून बघावं. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असेल तर तेही ध्यानात घ्या. तासगावात राहणाऱ्याला तासगावकर कोण म्हणेल? गाव सुटलं की गावाचं नाव चिकटतं.

आणखी एक चूक या भागात फार होते. जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ दिसला की लोक ‘आम्ही मूळचे साताऱ्याचे’ म्हणून सांगत सुटतात. १९४९पर्यंत खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. त्या साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. जत तर १९४८पर्यंत वेगळं संस्थान होतं, त्याचा कारभारच निराळा. तेव्हा तुमच्या आजोबांच्या कागदावरचा सातारा बघून सातारा शहरात भाऊबंद हुडकत बसू नका. विटं खानापूर तालुक्यातलं, तेव्हा तो कागद तिथलाच असणार. त्याच्या मागचं हवं असेल तर जत संस्थानाचं दप्तर गाठा.