संस्था खरी, क्यूआर खोटा, वर्गणी माझ्या हातून

प्रश्न : दिवाळीच्या आधी एका अनाथालयाच्या नावाने मदतीचं आवाहन मोबाईलवर आलं. मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते टाकलं. बावीस जणांनी माझ्या खात्यावर पैसे पाठवले आणि सगळी रक्कम मी त्यातल्या क्यूआरवर भरली. ८०जी म्हणून, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणाऱ्या कलमाच्या, पावत्याही आल्या. भाऊबीजेला आम्ही काही जणी तिथे गेलो, तर संस्था खरी, पण असं आवाहन त्यांनी केलेलंच नाही. आज अकरा दिवस झाले. आता काही शेजारी म्हणतात, पैसे तुम्हीच परत करा. माझ्यावर गुन्हा दाखल होईल का? ग्रुपवरचे मेसेज काढून टाकू का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. एकही मेसेज काढू नका, ग्रुपही सोडू नका. आवाहन कधी आलं, तुम्ही काय लिहिलंत, किती वाजता पैसे पुढे पाठवलेत, हा क्रमच तुमचा बचाव आहे. तोच पुसलात तर उद्या पोलीस पहिली शंका तुमच्यावर घेतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला फसवण्याचा अप्रामाणिक हेतू लागतो. तुम्ही आलेले पैसे जसेच्या तसे पुढे पाठवलेत, स्वतःकडे काही ठेवलं नाहीत. बँकेचा उताराच ते सांगेल. गुन्हा आहे तो संस्थेचं सोंग घेणाऱ्याचा : कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत, तोतयेगिरीबद्दल कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड. मात्र खोटेपणा कळल्यावरही तुम्ही गप्प राहिलात, तर हेच चित्र पालटू शकतं.

म्हणून आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. अकरा दिवस झाले म्हणून टाळू नका. रक्कम पुढच्या एखाद्या खात्यात अडकून असेल तर ती अजूनही गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक जवळ ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा आणि पोलीस ठाण्यात एफआयआरचा आग्रह धरा. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, हे शांतपणे सांगा. त्या संस्थेलाही स्वतंत्र तक्रार करायला सांगा. नाव त्यांचं वापरलं गेलंय, त्यांच्या तक्रारीने तुमचं म्हणणं भक्कम होतं.

पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही. पिन तुम्ही स्वतः टाकलात, त्यामुळे ‘अनधिकृत व्यवहार’ म्हणून बँकेकडून भरपाई मिळणं कठीण आहे. गोठवलेली रक्कम सापडली तर ती सोडवून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो.

आता शेजारी. उद्या त्यांनी दिवाणी दावा केलाच, तर खरा मुद्दा एवढाच की त्यांच्या वतीने पैसे पाठवताना तुम्ही वाजवी काळजी घेतलीत का. इथे तुमची बाजू थोडी लंगडी आहे. पैसे भरताना ॲपवर खातेदाराचं नाव दिसलं असणार. ते संस्थेचं होतं की कुणा व्यक्तीचं? व्यक्तीचं असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. शिवाय अशी वर्गणी गोळा करण्याबाबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ४१क आहे. गणेश मंडळं धर्मादाय आयुक्तालयातून परवानगी काढतात ती याच कलमाखाली. ग्रुपवर पैसे जमवताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तरीही अपराधीपणापोटी लगेच खिशातून पैसे देऊ नका. पुढेमागे द्यायचे ठरवलेत, तर ‘जबाबदारी मान्य न करता, स्वेच्छेने’ असं लिहून सही घ्या.

८०जीच्या त्या पावत्या कुणीही विवरणपत्रात लावू नयेत, हे सर्वांना आजच कळवा. त्यावरचा नोंदणी क्रमांक खऱ्या संस्थेचा उचललेला असू शकतो, म्हणून तो जुळला तरी भुलू नका. वजावटीला आधार लागतो तो फॉर्म १०बीईचा, म्हणजे देणगीच्या प्रमाणपत्राचा. संस्था आयकर खात्याला देणगीदारांची यादी देते, त्यातून तो निघतो, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदाराच्या हाती यायला हवा. तुमच्या बाबतीत तर संस्था अस्सल असती तरी पैसे तुमच्या एकटीच्या खात्यातून गेले, म्हणजे बावीस जणांच्या नावे तो निघणं अवघडच होतं. आणि नवी करप्रणाली घेणाऱ्यांना ८०जी मिळतच नाही.

ग्रुपवर आज एवढंच टाका : काय घडलं, तक्रार क्रमांक, बँकेच्या उताऱ्याची प्रत आणि पावत्या न वापरण्याची सूचना. सफाई देऊ नका, कुणावर संशयही घेऊ नका. आणि टाकण्याआधी मजकूर एकदा वकिलाला दाखवा.